अमेरिकेचे अध्यक्षीय उमेदवार आणि सरकार चालवण्याची आश्वासनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की कर, स्थलांतर, गर्भपात, युद्ध यांवर महिनोन्‌महिने वाद चालतात. पण हे सगळे निर्णय ज्या यंत्रणेने अमलात आणायचे, ती यंत्रणा उमेदवार कशी चालवणार, हा प्रश्न वादसभांत क्वचितच येतो. मी मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टनच्या उपनगरात राहते. आमच्या भागात दर दोन-तीन घरांमागे एक माणूस फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नोकरीत किंवा फेडरल कंत्राटावर आहे, त्यामुळे या विषयाची धग इथे घरात पोहोचते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत, आणि पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांच्या फोनवर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते उत्तरांसह इथे मांडते आहे.

फेडरल सरकार ‘चालवणं’ म्हणजे नेमकं काय? धोरण आणि कारभार यांत फरक काय?

‘वृद्धांना औषधं स्वस्त देऊ’ हे धोरण. ती औषधं स्वस्त करण्याचं काम कोणतं खातं करणार, त्याला माणसं किती लागणार, त्यांची भरती कशी होणार, संगणक प्रणाली कोण बांधणार आणि काम झालं की नाही हे कोण तपासणार, हा कारभार. उमेदवार पहिल्याबद्दल भरभरून बोलतात. दुसऱ्याबद्दल बोललेच तर साधारण ठरावीक पाच-सहा आश्वासनं असतात: नोकर कमी करू, अमुक खातं बंद करू, उधळपट्टी थांबवू, नियम घटवू, कार्यालयं राजधानीबाहेर नेऊ, सरकार धंद्यासारखं चालवू. डेमोक्रॅट असो वा रिपब्लिकन, गेल्या पन्नास वर्षांत ही यादी फारशी बदललेली नाही. म्हणूनच तिचा अभ्यास करता येतो. प्रत्येक आश्वासन आधी कुणीतरी देऊन, कधी पाळून, कधी मोडून झालेलं आहे.

हे सरकार आहे तरी केवढं?

दोन आकडे हाताशी ठेवले की बराच गोंधळ मिटतो.

पहिला पैशाचा. २०२४ च्या आर्थिक वर्षात फेडरल सरकारचा खर्च सुमारे ६,७५० अब्ज डॉलर होता, म्हणजे आपल्या मोजणीत पावणेसात लाख कोटी डॉलर. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन, मेडिकेअर आणि मेडिकेड या आरोग्य योजना, संरक्षण आणि कर्जावरचं व्याज, एवढ्या पाच बाबींतच त्यातले दोन तृतीयांशाहून जास्त पैसे जातात.

दुसरा माणसांचा. टपाल खातं आणि सैनिक सोडले तर नागरी कर्मचारी २०२४ मध्ये तेवीस लाखांच्या आसपास होते. त्यांतले निम्म्याहून बरेच अधिक फक्त तीन खात्यांत आहेत: संरक्षण, माजी सैनिकांचं कल्याण आणि अंतर्गत सुरक्षा. शिवाय ऐंशी टक्क्यांहून जास्त कर्मचारी वॉशिंग्टन परिसराबाहेर काम करतात. ‘वॉशिंग्टनमधले बाबू’ असं उमेदवार म्हणतो, तेव्हा ज्यांच्यावर त्याचा घाव पडणार असतो ती बहुतेक माणसं म्हणजे टेक्सासमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातली परिचारिका, अ‍ॅरिझोनातला सीमारक्षक, ओक्लाहोमातला हवामान निरीक्षक.

अध्यक्षाला स्वतःच्या अधिकारात काय करता येतं आणि काय नाही?

आश्वासन वाचताना मी सगळ्यात आधी हेच पाहते. इथे एक खुलासा भारतातल्या वाचकांसाठी: अमेरिकेची ‘काँग्रेस’ म्हणजे तिथली संसद, प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून. खाती कायद्याने जन्माला येतात आणि तो कायदा काँग्रेस करते. तिजोरीची किल्लीही काँग्रेसकडेच असते.

अध्यक्ष कार्यकारी आदेश काढून भरती थांबवू शकतो, नियम बदलण्याची प्रक्रिया सुरू करू शकतो, आपली माणसं वरच्या पदांवर नेमू शकतो, खात्यांचे अग्रक्रम बदलू शकतो. हे काही थोडं नाही. पण कायद्याने निर्माण झालेलं खातं तो एका सहीने मिटवू शकत नाही. काँग्रेसने मंजूर केलेला पैसा परस्पर अडवून ठेवण्यावरही बंधन आहे. निक्सन यांनी कोट्यवधी डॉलर अडवल्यानंतर १९७४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला. एकेकाळी खात्यांची फेररचना करण्याचा मर्यादित अधिकार काँग्रेस अध्यक्षांना देत असे, तो १९८४ मध्ये संपला. ओबामा यांनी जानेवारी २०१२ मध्ये व्यापाराशी संबंधित सहा कार्यालयं एकत्र करण्यासाठी तो परत मागितला. काँग्रेसने दिला नाही.

क्लिंटन यांची एक गोष्ट इथे बोलकी आहे. अर्थसंकल्पातली नको ती बाब अध्यक्षाला एकेक करून खोडता यावी, हे अनेक उमेदवारांचं आवडतं आश्वासन. १९९६ मध्ये काँग्रेसने तसा कायदा चक्क मंजूर केला, क्लिंटन यांनी तो वापरलाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. म्हणजे उमेदवार प्रामाणिक होता, काँग्रेस तयार होती, तरी गाडी न्यायालयात अडली.

म्हणून प्रत्येक आश्वासनापुढे पेन्सिलीने लिहावं: ‘एकटा करू शकतो’, ‘काँग्रेस लागेल’ किंवा ‘न्यायालयात जाणार’. जाहीरनाम्यात ही वर्गवारी उमेदवार स्वतः करत असेल, तर माझ्या नजरेत त्याचा मान वाढतो.

‘अमुक खातं बंद करू’ या घोषणेचं काय करायचं?

रेगन यांनी १९८० च्या प्रचारात शिक्षण आणि ऊर्जा ही दोन खाती बंद करू म्हटलं होतं. दोन्ही तेव्हा अगदी नवी होती. ऊर्जा खातं १९७७ चं, शिक्षण खात्याचा कायदा १९७९ चा. आठ वर्षं रेगन सत्तेत होते आणि ते गेले तेव्हाही दोन्ही खाती जागच्या जागी होती. त्यांच्या आधी कार्टर यांनी १९७६ मध्ये १,९०० सरकारी कार्यालयांची २०० करू असं सांगितलं होतं. ते अर्थातच झालं नाही. उलट वरची दोन्ही खाती त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली.

नोव्हेंबर २०११ मध्ये मिशिगनमधल्या एका वादसभेत टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी तीन खाती बंद करीन असं सांगायला सुरुवात केली. वाणिज्य आणि शिक्षण ही नावं त्यांनी घेतली आणि तिसरं आठवेचना. लोक त्या क्षणाला हसले. मला तो प्रसंग हसण्यासारखा वाटत नाही. विसरलेलं तिसरं खातं होतं ऊर्जेचं. देशाच्या अण्वस्त्रांचा साठा सुरक्षित ठेवणारं, अणुकचऱ्याची जबाबदारी असलेलं, सतरा राष्ट्रीय प्रयोगशाळा सांभाळणारं. ‘ऊर्जा’ या नावामुळे बहुतेकांना ते तेल आणि विजेचं खातं वाटतं.

खातं म्हणजे दारावरची पाटी नव्हे. पाटी काढली तरी आतलं काम कुठेतरी करावंच लागतं. शिक्षण खात्याचंच घ्या. अमेरिकेतल्या शाळांचा खर्च मुख्यतः राज्यं आणि स्थानिक जिल्हे करतात, अभ्यासक्रमही तेच ठरवतात. २०२५ च्या सुरुवातीला फेडरल खात्याकडे गरीब आणि अपंग मुलांसाठीचं अनुदान, नागरी हक्कांच्या तक्रारी आणि सुमारे १,६०० अब्ज डॉलरची विद्यार्थी कर्जं होती. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी खातं बंद करण्याच्या दिशेने कार्यकारी आदेश काढला आणि सुमारे चार हजारांचा कर्मचारीवर्ग जवळपास निम्म्यावर आला. कायद्याने मात्र खातं उरलं आणि कर्जंही उरली. मग प्रश्न असा की कर्जाचा हप्ता चुकलेल्या मुलाचा फोन आता कोण उचलणार? उमेदवाराने याचं उत्तर दिलं असेल तर त्याने आराखडा मांडला. दिलं नसेल तर ती नुसती घोषणा.

नोकर कमी केले की सरकारचा खर्च कमी होतो ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देते.

आधी हिशेब. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या, म्हणजे सीबीओच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये सगळ्या नागरी कर्मचाऱ्यांचे पगार आणि इतर लाभ मिळून सुमारे २७१ अब्ज डॉलर खर्च झाला. त्या वर्षीच्या एकूण खर्चाच्या तो चार टक्क्यांच्या आसपास येतो. उद्या एकूण एक कर्मचारी घरी पाठवला, रुग्णालयं बंद केली, विमानतळांवरचे नियंत्रण मनोरे रिकामे केले, तरी डॉलरमागे चारच सेंट वाचतील.

आता अनुभव. १९९२ मध्ये क्लिंटन एक लाख पदं कमी करण्याचं आश्वासन देऊन निवडून आले. उपाध्यक्ष अल गोर यांच्याकडे त्यांनी कारभाराच्या फेरतपासणीचं काम दिलं. सप्टेंबर १९९३ च्या अहवालात ३८४ शिफारशी होत्या आणि पाच वर्षांत १०८ अब्ज डॉलर वाचवण्याचा अंदाज होता. १९९४ मध्ये काँग्रेसने २,७२,९०० पदं घटवण्याचा कायदा केला आणि स्वेच्छेने जाणाऱ्याला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. दशक संपेपर्यंत चार लाखांहून जास्त पदं कमी झाली. आकड्याच्या बाबतीत हे आश्वासन पाळलं गेलं, नव्हे, ओलांडलं गेलं. त्यात मोठा वाटा शीतयुद्ध संपल्यावर आकसलेल्या संरक्षण खात्याचा होता.

पण माणसं गेली ती कामाच्या मोजमापाने गेली नाहीत. ज्याला जायचं होतं तो रक्कम घेऊन गेला. खरेदी, कंत्राटांची देखरेख, मनुष्यबळ या विभागांतले जाणते लोक गेले, त्यांच्या जागी नवी भरती झाली नाही. सरकारचा लेखापाल म्हणता येईल अशी काँग्रेसची संस्था जीएओ, तिने २००१ मध्ये ‘मनुष्यबळाचं नियोजन’ हीच बाब धोक्याच्या यादीत टाकली. काम तर थांबलेलं नव्हतं. ते कंत्राटदारांकडे गेलं. अलीकडच्या वर्षांत फेडरल सरकार कंत्राटांवर वर्षाला साडेसातशे अब्ज डॉलरच्या आसपास खर्च करतं, म्हणजे स्वतःच्या नागरी कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त. नोकरांची संख्या घटवणारा उमेदवार कंत्राटांबद्दल गप्प असेल, तर त्याने ताटातलं वाटीत ओतण्याचाच बेत सांगितला आहे.

२०२५ हे वर्ष तर ताजंच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी न्यूयॉर्कच्या सभेत किमान दोन लाख कोटी, म्हणजे २,००० अब्ज डॉलर वाचवता येतील असं सांगितलं. काँग्रेस दरवर्षी नव्याने मंजूर करते तो सगळा खर्च, संरक्षणासह, तेव्हा सुमारे १,८०० अब्ज डॉलर होता. म्हणजे आश्वासन त्या अख्ख्या रकमेहून मोठं होतं. पुढे ‘डोज’च्या, म्हणजे मस्क यांच्या खर्चकपातीच्या मोहिमेच्या, काळात राजीनाम्याच्या योजना आल्या, कपात झाली आणि त्या एका वर्षात फेडरल कर्मचाऱ्यांची संख्या दोन लाखांहून अधिक घटली. त्याच आर्थिक वर्षात सरकारचा एकूण खर्च मात्र वाढून ७,००० अब्जांच्या घरात गेला. त्या कपातीने निवृत्तिवेतन, आरोग्य योजना आणि व्याज यांना हात लावला नव्हता. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि एक उदाहरण, जिथे माणूस कमी केला की तोटा वाढतो. २०२२ च्या कायद्याने कर वसूल करणाऱ्या आयआरएसला दहा वर्षांसाठी सुमारे ८० अब्ज डॉलर मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यातला उरलेला बहुतेक पैसा परत घेण्याचं विधेयक मंजूर केलं. सीबीओने हिशेब केला: खर्च ७१ अब्जांहून थोडा जास्त घटेल, पण वसुली जवळजवळ १८६ अब्जांनी घटेल. म्हणजे तूट ११४ अब्जांहून जास्त वाढेल. बचतीच्या नावाने आणलेलं विधेयक तूट वाढवणारं निघालं, आणि हे मत नव्हे, पाटीवरची वजाबाकी आहे.

आणि भरतीबंदी?

सत्तेवर येताच करायला सोपी, बातमीला मोठी. कार्टर आणि रेगन यांच्या काळातल्या चार भरतीबंद्या जीएओने १९८२ मध्ये तपासल्या. कर्मचारी संख्येवर त्यांचा परिणाम नगण्य होता, कामाची मात्र खोटी झाली आणि काही ठिकाणी खर्च वाढला. तरीही ट्रम्प यांनी २०१६ मध्ये गेटिसबर्गच्या भाषणात तेच आश्वासन दिलं, २०१७ मध्ये पाळलं आणि अडीच-तीन महिन्यांत उठवलं.

‘उधळपट्टी आणि अफरातफर थांबवू’ यात वाईट काय?

वाईट काहीच नाही. हे काम व्हायलाच हवं. रेगन यांनी १९८२ मध्ये उद्योगपती पीटर ग्रेस यांच्या अध्यक्षतेखाली मोठा आयोग नेमला. १९८४ च्या अहवालात २,४७८ शिफारशी आणि तीन वर्षांत ४२४ अब्ज डॉलर बचतीचा दावा होता. सीबीओ आणि जीएओने तपासल्यावर तो आकडा बराच खाली आला. शिवाय बहुतेक मोठ्या शिफारशी म्हणजे उधळपट्टी थांबवणं नव्हतंच. ते धोरणबदल होते, त्यांना काँग्रेसची मंजुरी लागणार होती. एका माणसाची उधळपट्टी म्हणजे दुसऱ्याच्या जिल्ह्यातला रोजगार असतो.

खरी गळती आहे, हे नाकारू नये. २०२३ मध्ये सरकारी संस्थांनी स्वतःच जाहीर केलेली चुकीची देणी २३६ अब्ज डॉलर होती. पण चुकीचं देणं म्हणजे दर वेळी चोरी नव्हे. कागद अपुरे, रक्कम चुकली, पात्रता नीट तपासली नाही, असंही त्यात येतं. त्यातला फार मोठा भाग मेडिकेअर, मेडिकेडसारख्या योजनांमधला आहे. तो थांबवायचा तर तपासणारी माणसं आणि चांगल्या संगणक प्रणाली लागतात. एकाच भाषणात ‘अफरातफर थांबवू’ आणि ‘तपासनीस कमी करू’ ही दोन्ही वाक्यं आली तर त्यांतलं एकच खरं असू शकतं. २०२५ मध्ये नवं सरकार आल्यावर पहिल्याच आठवड्यात डझनाहून जास्त महानिरीक्षकांना काढून टाकलं गेलं. महानिरीक्षक म्हणजे खात्यातली अफरातफर शोधणारा स्वतंत्र अधिकारी. दोन वाक्यांतली विसंगती याहून स्पष्ट दिसायची नाही.

नेमणुकांवर एवढा वाद का? भारतात तर सरकार बदललं तरी सचिव तेच राहतात.

बरोबर. मंत्रालयात मुख्यमंत्री बदलला तर बदल्या होतात, पण आयएएस अधिकारी सेवेतून जात नाही. अमेरिकेत अध्यक्ष बदलला की सुमारे चार हजार पदांवरची माणसं बदलतात. त्यांतल्या हजाराहून अधिक पदांना सिनेटची संमती लागते. बाकीचे लाखो कर्मचारी कायम असतात आणि त्यांना राजकीय कारणाने काढता येत नाही.

ही भिंत रक्त सांडल्यावर उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात जिंकलेल्या पक्षाने पोस्टमास्तरापासून कारकुनापर्यंत सगळी पदं कार्यकर्त्यांना वाटायची अशीच रीत होती. जुलै १८८१ मध्ये चार्ल्स गिटो या माणसाने, आपल्याला पद मिळालं नाही या रागाने, अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली. सप्टेंबरमध्ये ते वारले. १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने परीक्षेवर आधारित भरती सुरू झाली, आरंभी फक्त दहाएक टक्के पदांसाठी.

ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये ‘शेड्यूल एफ’ नावाचा आदेश काढला. धोरणाशी संबंध असलेली कायम पदं वेगळ्या वर्गात टाकायची, म्हणजे त्या माणसांना काढणं सोपं जाईल. बायडेन यांनी जानेवारी २०२१ मध्ये तो रद्द केला. २०२४ च्या प्रचारात ट्रम्प यांनी तो परत आणू असं उघड सांगितलं आणि २० जानेवारी २०२५ ला आणला. सरकारचाच अंदाज ५०,००० पदांचा होता.

त्यांच्या बाजूचं म्हणणं हलकं समजू नये. लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाचं धोरण खालचे अधिकारी रेंगाळत ठेवत असतील, तर मताला अर्थ काय? निकामी कर्मचाऱ्याला काढायला महिनोन्‌महिने लागतात ही तक्रार दोन्ही पक्षांची आहे. कार्टर यांनी १९७८ मध्ये सेवा कायद्यात मोठे बदल केले, त्यामागे हेही एक कारण होतं. पण माझं मत सांगते: वाईट काम करणाऱ्याला काढणं सोपं करा, वाईट बातमी सांगणाऱ्याला काढणं सोपं करू नका. दोन्हींत फरक करणारी तरतूद आराखड्यात कुठे आहे, ते शोधायचं.

नेमणुकीचं मोल आपत्तीत कळतं. आपत्ती निवारण करणाऱ्या ‘फेमा’वर क्लिंटन यांनी जेम्स ली विट यांना नेमलं. ते आर्कान्सामध्ये हेच काम करून आलेले होते आणि बदनाम झालेली संस्था त्यांच्या काळात सावरली. २००५ मध्ये कत्रिना वादळ आलं तेव्हा प्रमुख होते मायकेल ब्राउन, पूर्वी अरबी घोड्यांच्या एका संघटनेत पंचांचे प्रमुख. न्यू ऑर्लिन्समध्ये लोक छपरांवर अडकून पडले होते. वादळानंतर दोन आठवड्यांतच ब्राउन यांनी राजीनामा दिला.

कार्यालयं राजधानीबाहेर हलवण्याची कल्पना चांगली नाही का?

कल्पनेत तथ्य आहे. पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींचं कार्यालय पश्चिमेत असावं हे पटण्यासारखं आहे. पण ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत या जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरोचं मुख्यालय कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला नेलं, तेव्हा हलवायच्या ३२८ जणांपैकी ४१ जणच हलले. २८७ जणांनी नोकरी सोडली किंवा निवृत्ती घेतली. कृषी खात्याची संशोधन कार्यालयं २०१९ मध्ये कॅन्सस सिटीला गेली, तिथेही अनुभवी लोक गळाले. नवऱ्याची नोकरी, मुलांची शाळा, घराचं कर्ज सोडून माणूस दोन हजार मैल जात नाही. पाच वर्षांत, रिक्त होणाऱ्या पदांप्रमाणे हलवायचं म्हणाल तर मी पाठिंबा देईन.

‘सरकार धंद्यासारखं चालवू’ याला काही अर्थ आहे का?

काही बाबतीत आहे. जून २००० मध्ये प्रचारात जॉर्ज बुश यांनी फिलाडेल्फियाला याच विषयावर वेगळं भाषण दिलं, हे मला आजही आवडतं. ४,२५,००० सरकारी पदांचं काम खासगी कंपन्यांशी स्पर्धेला खुलं करायचं, मधल्या व्यवस्थापकांची ४०,००० पदं निवृत्तीनंतर भरायची नाहीत, असे मोजता येतील असे मुद्दे त्यात होते. ऑगस्ट २००१ मध्ये त्यांचा व्यवस्थापन आराखडा आला. प्रत्येक खात्याला पाच विषयांत लाल, पिवळा, हिरवा असे गुण मिळू लागले आणि सुरुवातीला पत्रक लाल रंगाने भरलेलं होतं. हिशेब वेळेवर बंद होणं, ऑनलाइन सेवा यांत खरी सुधारणा झाली. स्पर्धेच्या बाबतीत मात्र कर्मचारी संघटना आणि काँग्रेस अडून बसले, आणि २००९ पासून अशा नव्या स्पर्धा सुरू करण्यावर बंदीच आली.

धंद्यात नफा हा एक आकडा सगळं सांगतो. हवामान खात्याचा नफा कसा मोजणार? धंदा तोट्यातलं गिऱ्हाईक सोडून देऊ शकतो. टपाल खातं अलास्कातलं गाव सोडू शकत नाही.

जाहीरनाम्यात नसलेलंच पुढे घडतं असं म्हणतात. मग वाचून काय उपयोग?

घडतं खरं. १९४७ नंतरची सर्वांत मोठी फेररचना, बावीस संस्था एकत्र करून अंतर्गत सुरक्षा खातं उभारणं, ही बुश यांच्या प्रचारात नव्हती. ती ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनी घडवली. ओबामा आरोग्य विम्याबद्दल दोन वर्षं बोलले, पण ऑक्टोबर २०१३ मध्ये विम्याचं संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोसळलं आणि धोरण बरं असूनही कारभाराने नाक कापलं. त्या धड्यातून २०१४ मध्ये ‘यूएस डिजिटल सर्व्हिस’ जन्मली. ट्रम्प यांनी २०२५ मध्ये तिचंच नाव बदलून ‘डोज’ केलं.

म्हणून आराखड्यातला तपशील जसा वाचते, तशीच त्यामागची सवयही वाचते. उमेदवार गव्हर्नर किंवा महापौर असताना त्याने कुणाला नेमलं, चूक झाल्यावर काय केलं, आकडा चुकल्यावर दुरुस्त केला का? अनपेक्षित संकटात हीच सवय कामी येते.

लहान सरकार हवं असं म्हणणं चूक आहे का?

मुळीच नाही. सरकारने कमी गोष्टी कराव्यात ही प्रामाणिक भूमिका आहे. फक्त मग कोणत्या गोष्टी करणार नाही, त्या नावानिशी सांगाव्यात.

मी एच-वन-बीवर आहे किंवा ग्रीन कार्डवर. मत नाही. मी हे का वाचावं?

कारण धोरण न बदलताही कारभाराने आयुष्य बदलतं. तुमचा अर्ज ज्या यूएससीआयएसकडे, म्हणजे स्थलांतराचे अर्ज हाताळणाऱ्या संस्थेकडे जातो, ती मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालते. म्हणूनच २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकार ४३ दिवस ठप्प असताना तिथलं बरंचसं काम सुरू होतं. आमच्या गल्लीतली फेडरल नोकरीतली घरं मात्र तेव्हा पगाराविना दिवस मोजत होती. ग्रीन कार्डासाठी कंपनीने आधी कामगार खात्याकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते शुल्कावर चालत नाही, त्यामुळे तो टप्पा अशा काळात थांबतो. यूएससीआयएसमधली भरती थांबवली तर बचत करदात्याची होत नाही, रांग मात्र तुमची लांबते.

भारतात बसलेल्यांनाही हे लागू आहे. गोव्यातल्या आणि छत्रपती संभाजीनगरच्या औषध कारखान्यांची तपासणी अमेरिकेच्या एफडीएचे, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेचे, निरीक्षक करतात. तपासणी रखडली तर तिथल्या गोळ्यांचा अमेरिकेत जाण्याचा रस्ता रखडतो. मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात व्हिसाच्या मुलाखती किती होणार, हेही शेवटी तिथे खुर्चीत किती अधिकारी आहेत यावर ठरतं.

एखादा आराखडा प्रत्यक्ष वाचायला बसले, तर सुरुवात कुठून करू?

मी एकच ओळ आधी शोधते: कोणतं काम थांबणार आहे? किती माणसं जाणार, किती अब्ज वाचणार, हे नंतर. कोणती तपासणी होणार नाही, कोणतं अनुदान मिळणार नाही, कोणतं कार्यालय कुणाचा फोन उचलणार नाही, हे लिहिलेलं असेल तर उमेदवाराने विचार केला आहे. मग तुम्ही त्याच्याशी सहमत असा वा नसा. नवं काम सुरू करू म्हणणाऱ्यालाही हाच प्रश्न उलटा विचारायचा: कोण करणार, आणि ती माणसं आज सरकारात आहेत का? ओबामा अर्थसंकल्प ओळ न्‌ ओळ तपासू म्हणत, डेमोक्रॅट उमेदवार हॅरिस यांनी २०२४ मध्ये फेडरल नोकऱ्यांतली पदवीची अनावश्यक अट काढू म्हटलं. दोन्ही चांगलं. पण अट काढल्यावर उमेदवाराचं कौशल्य तपासणार कोण, हे पुढचं वाक्य असायला हवं.

निवडणुकीनंतर कशावर लक्ष ठेवायचं?

पहिल्या अर्थसंकल्पी प्रस्तावावर, कारण आश्वासनाचा पैसा तिथे दिसतो किंवा दिसत नाही. आणि सिनेटमधल्या सुनावण्यांवर. विशेषतः व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा (काँग्रेसचं सीबीओ वेगळं) आणि कर्मचारी कार्यालयाचा प्रमुख म्हणून ज्यांना नेमलं जातं त्यांच्या. या दोघांची नावं फारशी कुणाला माहीत नसतात, पण सरकार चालवण्याची सूत्रं त्यांच्याकडे असतात. सुनावण्या घरबसल्या फुकट बघता येतात. पहिली बघायची असेल तर १९ जानेवारी २०१७ ची बघा. वादसभेत ज्या खात्याचं नाव आठवलं नव्हतं, त्याच ऊर्जा खात्याचे मंत्री होण्यासाठी रिक पेरी सिनेटरांसमोर बसले होते. खात्याचं काम समजावून घेतल्यावर, ते बंद करा असं सुचवल्याचा मला खेद वाटतो, असं त्यांनी तिथे सरळ सांगितलं.